सरकारी वकिली आणि राजकारण : नवी सनद घेतलेल्यांसाठी वाटेची माहिती

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, हातात पडली की नव्या वकिलाला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘सरकारी पॅनेलवर लाग, दर महिन्याची चिंता मिटेल.’ दुसरा, ‘एखाद्या साहेबांच्या मागे राहा, पुढेमागे तिकीट मिळेल.’ सल्ला देणारे बहुधा बाररूममध्ये चहा पीत बसलेले असतात आणि त्या दोन्ही वाटांनी ते स्वतः गेलेले नसतात. वाटा मात्र खऱ्या आहेत. फक्त दोन्हीकडे पद मुदतीचे असते आणि ते देणे-काढणे दुसऱ्याच्या हातात असते. म्हणून खालची प्रत्येक पायरी मी एकाच हिशेबाने सांगतो आहे : पद गेले तर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता स्वतःच्या वकीलपत्रावर कोर्टात उभे राहता आले पाहिजे.

माहिती महाराष्ट्राची आहे. आपली बार कौन्सिल गोव्याशी सामाईक असल्यामुळे पहिली पायरी गोव्यातल्या वाचकांनाही तशीच लागू पडेल.

पायरी पहिली : सनद आणि तिच्या अटी

विधी पदवीनंतर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली नोंदणी करायची. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले आहे की कायद्यात लिहिलेल्या शुल्काहून अधिक रक्कम नोंदणीसाठी घेता येणार नाही. सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये, मुद्रांक शुल्क असेल तर ते वेगळे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. तात्पुरत्या नोंदणीनंतर दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायची. ती आधी देऊन टाकावी, ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांची कामे ऐन वेळी अडतात.

बार कौन्सिलचा नियम ४९ आजच वाचून ठेवा. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली तर वकिली करता येत नाही, सनद तहकूब ठेवावी लागते. या बाबतीत कोर्टे कडक आहेत. डॉक्टरी चालू ठेवून वकिली करू पाहणाऱ्याला नोंदणी नाकारली गेली आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच बार कौन्सिलची ती भूमिका उचलून धरली. पगारी सरकारी अभियोक्ता कोर्टात उभा राहून खटले चालवतो, म्हणून त्याचे वकीलपण जात नाही, हे २०१३ च्या निकालाने ठरले. पण एखाद्या खात्यात टेबलावर बसून केलेली विधी अधिकाऱ्याची पूर्ण वेळ नोकरी पुढे ‘वकिलीची वर्षे’ म्हणून मोजली जाईलच असे धरून चालू नका. नेमणुकीचा आदेश स्वीकारण्यापूर्वी त्यातला शब्द न् शब्द वाचा.

पायरी दुसरी : पहिली तीन-चार वर्षे

सिनिअर निवडताना त्यांचे नाव किती मोठे यापेक्षा त्यांच्या बोर्डावर रोज काय लागते ते पाहा. सरकारी कामात जायचे असेल तर दिवाणी, फौजदारी आणि महसूल या तिन्हींची ओळख लागते, आणि नवे वकील नेमके महसूल टाळतात. तहसीलदार, प्रांत, अप्पर जिल्हाधिकारी यांच्यापुढची प्रकरणे चालवा. सात-बारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा हे डोळे मिटून वाचता आले पाहिजेत. सरकारविरुद्धचे जिल्ह्यातले निम्मेअधिक वाद शेवटी जमिनीपाशीच येतात : भूसंपादनाचा मोबदला, गायरानावरचे अतिक्रमण, वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन, रस्ता.

दुसरे, मराठीत चांगला मसुदा लिहायला शिका. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंतची नस्ती (फाइल) मराठीत असते आणि तुम्ही मात्र पदवीच्या काळात सगळे इंग्रजीत वाचलेले असते. ‘सबब’, ‘नाकबूल’, ‘दाखल-सुनावणी’ या कोर्टाच्या मराठीपासून दोन पावले अलीकडे, पक्षकाराला वाचून कळेल अशी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, लिहिणारा वकील खात्यांना हवा असतो आणि तो फार कमी मिळतो.

पैशांचे म्हणाल तर बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली आहे. शिफारसच आहे ती. तालुक्याच्या कोर्टात एवढे देणारे सिनिअर भेटले तर त्यांचा हात सोडू नका.

न्यायाधीश होण्याचा विचार मनात असेल तर तीन वर्षांच्या वकिलीची अट २० मे २०२५ च्या निकालाने परत आली आहे. म्हणजे पदवी घेतली की लगेच परीक्षा, हा मार्ग बंद झाला. हातातली वर्षे तशीही कोर्टातच काढायची आहेत, तर ती नीट काढा.

पायरी तिसरी : सरकारी कामाची दारे कोणती

लोक ‘सरकारी वकील’ हा एकच शब्द वापरतात, प्रत्यक्षात दारे बरीच आहेत.

सगळ्यांत सोपे दार म्हणजे पॅनेल. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद, बाजार समित्या, विद्यापीठे, महामंडळे आपापली वकिलांची यादी ठेवतात. फी कमी, तारखा पुष्कळ, पण कामाचा सराव भरपूर. इथूनच माणसे पुढे गेली आहेत. अमरावतीचे भूषण गवई नागपूर आणि अमरावती महापालिकांचे आणि अमरावती विद्यापीठाचे वकील होते. ऑगस्ट १९९२ ते जुलै १९९३ या काळात नागपूर खंडपीठात सहायक सरकारी वकील, जानेवारी २००० मध्ये तिथलेच सरकारी वकील, २००३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि मे २०२५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश. वडील रा. सू. गवई राजकारणात मोठे नाव असूनही मुलाचा मार्ग कोर्टातून गेला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरे दार परीक्षेचे. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सरकारतर्फे खटले चालवणारे सहायक सरकारी अभियोक्ता लोकसेवा आयोगामार्फत निवडले जातात. ही नियमित पगाराची सेवा आहे, गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखाली. वकिलीची किती वर्षे लागतात ते त्या-त्या जाहिरातीत पाहा. कुणाच्या ओळखीची गरज नसलेले हे एकमेव दार, म्हणून साधनसंपत्ती नसलेल्या मुलामुलींना मी आधी हेच सांगतो.

तिसरे दार नेमणुकीचे : जिल्हा सरकारी वकील, अतिरिक्त आणि सहायक सरकारी वकील, उच्च न्यायालयात सरकारी वकिलांचे कार्यालय. या नेमणुका विधी व न्याय विभाग करतो आणि त्यांच्या अटी १९८४ च्या महाराष्ट्र विधी अधिकारी नियमांत आहेत. कोल्हापूरचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाल्यावर सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतल्या वकिलांना उच्च न्यायालयातले सरकारी काम मुंबईला बिऱ्हाड न हलवता करण्याची सोय झाली आहे. त्या भागातल्या नव्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक दार मंत्रालयातले. विधी व न्याय विभागात विधेयकांचे मसुदे तयार होतात, इतर खात्यांना अभिप्राय दिले जातात. लिहिण्याची ज्याला मनापासून गोडी आहे आणि कोर्टातल्या गर्दीचा कंटाळा आहे, त्याने या बाजूला बघावे.

सगळ्यांच्या वर राज्याचे महाधिवक्ता. घटनेच्या अनुच्छेद १६५ प्रमाणे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेली व्यक्तीच तिथे नेमता येते आणि अनुच्छेद १७७ मुळे तिला विधिमंडळात बोलता येते, मतदान मात्र करता येत नाही. एच. एम. सीरवाई यांनी हे पद १९५७ पासून १९७४ पर्यंत सांभाळले. आज सरकार बदलले की महाधिवक्ता बदलतो हे आपण गृहीतच धरतो, त्या पार्श्वभूमीवर ही सतरा वर्षे नवलाची वाटतात.

पायरी चौथी : नेमणुकीसाठी अर्ज करताना

सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलासाठी किमान सात वर्षांची वकिली लागते, विशेष सरकारी वकिलासाठी दहा. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८ पाहायचे. जिल्हाधिकाऱ्यांनी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांचे पॅनेल तयार करावे, असे त्यात लिहिले आहे.

अर्जासोबत सनद, अनुभवाचे दाखले आणि चालवलेल्या प्रकरणांची यादी जाते. ही यादीच बहुतेकांची लंगडी असते. ज्या दिवशी सनद मिळेल त्या दिवसापासून एक वही ठेवा : प्रकरण क्रमांक, कोर्ट, पक्षकारांचे नाव, तुम्ही कोणत्या बाजूने, स्वतः उलटतपास घेतला की सिनिअरच्या मागे उभे होता, निकाल काय लागला. सात वर्षांनी आठवून लिहायला बसलात तर दहा प्रकरणेही नीट आठवणार नाहीत. स्वतःवर गुन्हा किंवा बार कौन्सिलकडे तक्रार प्रलंबित असेल तर ती लपवू नका. चारित्र्य पडताळणीत ती बाहेर येतेच.

आता न बोलला जाणारा भाग. या नेमणुकांत राजकीय शिफारस चालते का? चालते, आणि प्रत्येक पक्षाच्या राजवटीत चालत आली आहे. पण तिला मर्यादाही आहेत. उत्तर प्रदेशात सरकारने सगळ्या जिल्हा सरकारी वकिलांना एका फटक्यात काढले, तेव्हा १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कृती मनमानी ठरवून रद्द केली. २००४ मध्ये त्याच राज्यातल्या दुसऱ्या प्रकरणात कोर्टाने हेही सांगितले की मुदत संपल्यावर फेरनेमणूक मिळण्याचा हक्क कुणाला नाही. २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सरकारी वकील निवडण्याची पद्धत पारदर्शक हवी, असे बजावले गेले. हे तिन्ही निकाल एकत्र वाचले की तुमची जागा नेमकी कुठे आहे ते कळते : मनमानीने काढता येणार नाही, पण चिकटूनही राहता येणार नाही.

शिफारशीने नेमणूक झाली तरी कोर्टासमोर उभे राहिल्यावर ती शिफारस कामाला येत नाही. न्यायाधीशांना पहिल्या दोन-तीन तारखांतच अंदाज येतो.

पायरी पाचवी : सरकारी फाइल हाताळणे

इथे जरा थांबतो, कारण नवे सहायक सरकारी वकील गडबडतात ते इथेच.

सरकारविरुद्ध दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. ती नोटीस म्हणजे खात्याला वाद मिटवण्याची मिळालेली संधी असते. प्रत्यक्षात ती आवक-नोंदवहीत पडून राहते आणि समन्स आल्यावर धावपळ सुरू होते. मग तुमच्या टेबलावर येते ‘परिच्छेदनिहाय अभिप्राय’ नावाची दोन पाने. बऱ्याचदा त्यांत प्रत्येक परिच्छेदापुढे एकच शेरा असतो : ‘मजकूर खरा नाही, सबब नाकबूल.’ दाव्याच्या पहिल्या परिच्छेदात वादीने आपले नाव, वय आणि गाव लिहिलेले असते, तेही नाकबूल! पुढच्या परिच्छेदात वादी म्हणतो की जमीन त्याच्या आजोबांच्या नावे होती. खात्याने स्वतःच दिलेल्या सात-बारावर तसे लिहिलेले असते, पण तेही नाकबूल. अशी कैफियत दाखल केली तर उलटतपासात तुमचा साक्षीदार, म्हणजे तो बिचारा मंडळ अधिकारी, दहा मिनिटांत उघडा पडतो.

म्हणून अभिप्राय आले की मूळ नस्ती मागवा. कारकुनाने तयार केलेला सारांश नको, टिपणी बाजू आणि पत्रव्यवहार बाजू दोन्ही असलेली अख्खी नस्ती. ती वाचताना तीन गोष्टी शोधा : निर्णय कुणी घेतला, त्याला तो अधिकार होता का आणि समोरच्याला नोटीस देऊन ऐकले होते का. निम्म्या प्रकरणांत हरण्याचे कारण याच तीन प्रश्नांत सापडते. कारण सापडले की ते खात्याला लेखी कळवा. खाते चुकले असेल तर आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणी घ्या, असा सल्ला देणे हे तुमचेच काम आहे. अधिकारी थोडे रागावतील. पुढच्या प्रकरणात तेच आधी फोन करून विचारतील.

कैफियतीला समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कोर्टाच्या परवानगीने ९० दिवसांपर्यंत. स्मरणपत्रे लेखी पाठवा आणि त्यांच्या पोचा जपून ठेवा. मुदत टळली तर दोष वकिलावर ढकलला जातो, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

निकाल विरोधात गेला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा. नक्कल मिळेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात, पण अर्ज केलेला असला तरच. सोबत अपील करावे की नाही याचे आपले मत एका पानात द्या. ‘फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती’ हे कारण आता फारसे चालत नाही. २०१२ साली टपाल खात्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विलंब माफ करायला स्वच्छ नकार दिला आणि तो निकाल सरकारविरुद्ध रोज कुठे ना कुठे वाचून दाखवला जातो. अपील करण्यासारखे काही नसेल तर तसे लिहायचे धाडस ठेवा. सगळ्याच प्रकरणांत ‘अपील करावे’ असे लिहिणाऱ्याच्या मताला खात्यात कुणी किंमत देत नाही.

अवमानाची नोटीस हे खात्याचे सगळ्यांत मोठे भय. अधिकाऱ्याला व्यक्तिशः हजर राहायला सांगितले की सगळे हातपाय गाळतात. अधिकाऱ्यांना केव्हा आणि कसे बोलवावे याची कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये घालून दिली आहे, ती छापून जवळ ठेवा. पण खरे उत्तर म्हणजे आदेशाची अंमलबजावणी केव्हा होईल त्याची तारीख घेऊन कोर्टात जाणे. तारीख नसेल तर कितीही अदबीने बोललात तरी उपयोग नाही.

आणि हे सगळे करताना पक्षकार कोण हे डोक्यात पक्के असू द्या. पक्षकार महाराष्ट्र शासन आहे. फोनवर बोलणारा तहसीलदार, पालकमंत्र्यांचा स्वीय सहायक किंवा ज्यांनी तुमच्या नावाची शिफारस केली ते आमदार यांच्यापैकी कुणीही तुमचा पक्षकार नाही. त्यांचे ऐकून घ्यायचे, चहा पाजायचा, आणि लेखी सूचना विभागाकडून मागवायच्या.

पायरी सहावी : फौजदारी बाजू

जामिनाच्या अर्जावर कोर्ट सरकार पक्षाचे म्हणणे मागते. तपासी अंमलदार छापील मजकुराचा कागद आणतो : आरोपी साक्षीदारांवर दबाव आणेल, फरार होईल, पुन्हा गुन्हा करेल. सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. मुद्देमाल जप्त झाला का? मागचे गुन्हे असतील तर त्यांचे क्रमांक कुठे आहेत? क्रमांक लिहिलेले म्हणणे आणि छापील म्हणणे यांतला फरक न्यायाधीशांना लगेच दिसतो.

बार कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की सरकार पक्षाच्या वकिलाने निरपराध माणसाला शिक्षा होईल अशा रीतीने खटला चालवू नये आणि आरोपीच्या बाजूचा पुरावा दडवू नये. किती शिक्षा लागल्या यावर स्वतःची टिमकी वाजवणाऱ्यांनी हा नियम पुन्हा वाचावा.

राजकारण आणि फौजदारी वकिली यांची सर्वांत थेट गाठ पडते ती खटला मागे घेण्याच्या अर्जात. आंदोलनांमधले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघतात. शासन निर्णय आला म्हणून सरकारी वकिलाने डोळे झाकून अर्ज टाकायचा नसतो. स्वतः कागद पाहून, सार्वजनिक हिताचे कारण देऊन, तोच अर्ज करतो आणि कोर्टाने संमती दिली तरच खटला संपतो. केरळ विधानसभेतल्या तोडफोडीचा खटला मागे घेऊ द्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नकार दिला, तो निकाल या विषयावर मुळातून वाचावा. आमदार-खासदारांवरचा खटला असेल तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते आणि नव्या संहितेच्या कलम ३६० प्रमाणे पीडित व्यक्तीचे म्हणणेही ऐकावे लागते.

सरकारी वकिलीतून राजकारणात गेलेले आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे उज्ज्वल निकम. जळगावचा वकील १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्याने आणि पुढे कसाबच्या खटल्याने देशभर पोचला. २०२४ ची लोकसभा निवडणूक ते मुंबईतून हरले आणि २०२५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. त्यांच्या भूमिका पटोत न पटोत, कोर्टातली काही दशके आधी आणि तिकीट नंतर, हा क्रम पाहा.

पायरी सातवी : राजकारणातली वकिली गावापासून

राजकीय वकिली म्हटले की लोकांना घटनापीठ आठवते, पक्षफुटीचे दावे आठवतात. तुमची सुरुवात ग्रामपंचायतीत होईल, आणि ती फार चांगली शाळा आहे. अतिक्रमणामुळे सदस्य अपात्र, निवडणूक खर्चाचा हिशेब वेळेत न दिल्याने अपात्र, जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत न आल्याने पद गेले, सरपंचावर अविश्वास ठराव : ही प्रकरणे जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्तांपुढे बारमाही चालू असतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आव्हान द्यायचे तर निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे जावे लागते. विधानसभा-लोकसभेसाठी ४५ दिवस आणि थेट उच्च न्यायालय. तिथे एक दिवसही उशीर झाला तर माफी नाही. विलंबमाफीची नेहमीची तरतूद निवडणूक याचिकेला लागत नाही.

नव्या वकिलाची खरी परीक्षा उमेदवारी अर्जाच्या आठवड्यात होते. विधानसभेचे घ्या. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, इतरांना दहा लागतात. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारासाठी निम्मी. हाच आमचा उमेदवार असे पक्षाने कळवण्याचे ए आणि बी फॉर्म शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोचलेच पाहिजेत, आणि ते नेहमी दोन वाजून पन्नास मिनिटांनी कुणाच्या तरी गाडीत असतात. नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडू नका, लागू नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. उमेदवाराचे नाव दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल तर त्या यादीची प्रमाणित प्रत हवी. शपथ छाननीच्या दिवसाआधी घेतलेली हवी. मिरवणुकीच्या गुलालात नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

छाननीला खोलीत कुणीही घुसू शकत नाही. उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि उमेदवाराने लेखी अधिकार दिलेली एक व्यक्ती, इतकेच. ती एक व्यक्ती म्हणजे तुम्ही. तेव्हा अधिकारपत्र आदल्या रात्रीच सही करून खिशात ठेवा. आत गेल्यावर आवाज चढवू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३६ मधले उपकलम ४ उघडून ठेवा : महत्त्वाचा नसलेला दोष असेल तर अर्ज फेटाळता येत नाही. समोरच्याने हरकत घेतली तर तिचे खंडन करायला वेळ मागता येतो. तो लेखी मागा आणि पोच घ्या. अधिकाऱ्याने तोंडी सांगितलेले पुढे याचिकेत काडीचे उपयोगी पडत नाही.

निकालानंतर सगळे निवांत होतात, तुम्ही होऊ नका. खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. हरलेले उमेदवार तो हमखास विसरतात आणि पुढच्या वेळी अपात्र ठरून तुमच्याकडे येतात.

राजकीय लढा कोर्टात कसा लढावा याचे धडे घ्यायला महाडचा चवदार तळ्याचा दावा पुरेसा आहे. सत्याग्रह १९२७ चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्धचा दावा मुंबई उच्च न्यायालयात संपला १९३७ मध्ये, बाबासाहेबांच्या बाजूने. तळे नगरपालिकेच्या मालकीचे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्राचीन वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, यावर तो निकाल उभा आहे. आंदोलनाची धग मैदानात होती आणि कोर्टात काम केले ते मालकी आणि पुराव्याने.

पायरी आठवी : स्वतः निवडणुकीला उभे राहायचे असेल तर

यशवंतराव चव्हाण कराडला वकिली करायचे, विलासराव देशमुख पुण्यात कायदा शिकून बाभळगावचे सरपंच झाले. दाखले पुष्कळ आहेत आणि ते प्रत्येक सत्काराच्या भाषणात येतात. अडचणी मात्र कुणी सांगत नाही.

सरकारी वकील असताना विधानसभेला उभे राहिलात तर ‘लाभाचे पद’, म्हणजे सरकारकडून लाभ मिळणारे पद धरणारा अपात्र, हा आक्षेप येणार. सर्वोच्च न्यायालयाचे १९६९ च्या सुमाराचे दोन निकाल इथे शेजारी ठेवून वाचावेत. राजस्थानात एका लवादापुरत्या नेमलेल्या विशेष सरकारी वकिलाची निवडणूक बहुमताने टिकली. रेल्वेच्या पॅनेलवर असलेल्या वकिलाचे पॅनेलवर असणे मात्र लाभाचे पद ठरले. इतकी बारीक रेघ असेल तर तिच्यावर चालून पाहू नये. छाननीच्या दिवसाआधी राजीनामा देऊन तो मंजूर झाल्याचे पत्र हातात घ्या.

आमदार-खासदार झाल्यावर वकिली करता येते, सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०१८ रोजी तसा निकाल दिला आहे. मंत्री झाल्यावर कोट खुंटीला लावायचा, असा रिवाज आहे. नगरसेवकांनी अधिक जपावे : ज्या दाव्यात महापालिकेचा संबंध आहे त्यात वकीलपत्र घेणे सदस्यत्वावर बेतू शकते, तेव्हा आपल्या पालिकेच्या कायद्यातले अपात्रतेचे कलम आधी वाचा.

फ्लेक्सबद्दल एक शब्द. वकिलाने जाहिरात करू नये असा नियम ३६ सांगतो. काळा कोट, पांढरा बँड आणि खाली ‘आपला हक्काचा वकील’ असे लिहिलेले वाढदिवसाचे फ्लेक्स चौकाचौकात दिसतात. तक्रार केली तर उत्तर देणे अवघड जाईल. नावाआधी ‘ॲड.’ लावा, कोटातला फोटो घरी ठेवा.

पायरी नववी : पैसे आणि पद सोडताना

सरकारी फीची बिले उशिरा निघतात. सहा-आठ महिने हाती काही न येणे नवलाचे नाही. हजेरीचा दाखला, रोजनाम्याची नक्कल आणि बिल दर महिन्याला जोडून द्या, वर्षाअखेरीला गठ्ठा घेऊन गेलात तर निम्मी बिले त्रुटीच्या शेऱ्यासह परत येतील. खासगी दिवाणी कामे नेमणुकीच्या अटींत बसत असतील तेवढी चालू ठेवा. घराचा हप्ता सरकारी फीवर बांधू नका.

मुदत संपली की फायली यादीनिशी परत करा : प्रकरण क्रमांक, पुढची तारीख, कोणत्या टप्प्यावर आहे, कोणती मूळ कागदपत्रे सोबत आहेत. दोन प्रती, एकीवर नव्या सरकारी वकिलांची सही. त्या आठवड्यात गावाकडची ओळखीची माणसे येतील आणि म्हणतील, ‘वकीलसाहेब, आता तुम्ही मोकळे झालात, आमचा भूसंपादनाचा अर्ज तुम्हीच चालवा.’ आधी यादी काढून पाहा. त्या प्रकरणात सरकारतर्फे तुम्ही एकदाही कैफियत लिहिली असेल, मत दिले असेल किंवा उभे राहिला असाल तर बार कौन्सिलच्या नियम ३३ प्रमाणे समोरच्या बाजूचे वकीलपत्र घेता येत नाही. नात्यातले असले तरी नाही, फी दुप्पट देत असले तरी नाही. त्यांना दुसऱ्या वकिलाचे नाव सांगा, आणि ज्या प्रकरणांशी तुमचा कधी संबंध आला नव्हता ती खुशाल घ्या.